रहेमतभाईची जीभ

बावीस वर्षं मी रहेमतभाईची जीभ होतो.
बेनोड्यापासून पुसल्यापर्यंत
कोणाची बाग घ्यायची, कोणाची सोडायची
हे माझ्या तोंडात ठरायचं.
उगवतीकडचं एक फळ, सावलीतलं एक,
एक शेंड्याचं.
फोड दाताखाली फोडायची, रस फिरवायचा,
आणि रुमालाखाली भाईच्या बोटांत
भाव सांगायचा.
आंबियाला दिवसाकाठी साठ झाडं.
मृगाला मोजलीच नाहीत.

जीभ बधिरली की खिशातला गुळाचा खडा
गालात धरायचा.
पुढच्या धुऱ्यापर्यंत तो विरत राही.
आंबट, गूळ, आंबट, गूळ,
मधे झाडाखाली बसून दोनदा चहा.
घरी आलो की चप्पल काढायच्या आधी राखुंडी.
बाप सांगून गेला होता,
"आंबट खाल्लं का लगेच घास बाप्पा,
नाई तं दात सडते."
मी घासलं.
इतकं मनापासून दुसरं कोणतंच काम
माझ्या हातून झालं नाही.

आधी पुढच्या दातांची कड गेली.
काचेसारखी झाली, आरपार.
गोणी शिवताना सुतळी तोडायला गेलो
तर टवका उडाला.
पंचफुला म्हणाली, "हसू नका आता जास्त."
मग दाढांच्या माथ्यावर खळगे पडले,
जात्याला टाकी मारावी तसे.
एका खळग्यात काळं दिसलं,
आणि रात्री ठणका.

जरूडच्या कौसाबाईनं तव्यावर भुईरिंगणीचं बी टाकलं,
नळीनं धूर दाढेत सोडला,
पाण्याच्या परातीवर तोंड धरायला लावलं.
परातीत बारीक पांढरं काही तरंगलं.
"पाह्य, निंघाले किडे."
एक मी काडेपेटीत घालून आणला.
पुरावा म्हणून.

शाळेत दातांचं शिबिर लागलं तेव्हा
मी हेडमास्तरांच्या खुर्चीत मान टाकून बसलो.
डॉक्टर वैरागडे, वय माझ्या पोरीएवढं,
कपाळावर दिवा.
बराच वेळ पाहत राहिली.
वरुडला भरून घेतलेली जुनी चांदी
तशीच उभी होती, आणि भोवतीचा दात खाली गेलेला.
पावसानं माती वाहून नेलेल्या वावरात
एकटा दगड उरतो, तशी.

"काका, इथं दोन आजार आहेत," ती म्हणाली.
"झीज वेगळी, कीड वेगळी."
मी विचारलं, "पह्यले कोण आलं?"
धुऱ्याच्या भांडणात
पहिला फाळ कोणाचा, असं विचारतात तसं.

ती म्हणाली, आंबट बाहेरून येतं, वरचं कवच विरघळवतं.
गोड मात्र दाताला चिकटलेले जंतू खातात
आणि त्याचं आंबट तिथल्या तिथं करतात.
कवच पातळ झालं की त्यांना खणायला सोपं जातं.
सगळ्यांचं असं होत नाही.
काहींचे नुसतेच झिजतात, कीड लागत नाही.
तुमच्या तोंडात दोघांची गाठ पडली.
"गुळानं," मी म्हणालो.
ती गप्प राहिली.
मग राखुंडीचं विचारलं.
आंबटानं दात मऊ पडलेला असतो, काका.
त्यावर लगेच घासलं तर तोच जातो.
आधी पाण्यानं चूळ भरायची. थांबायचं.

बाप आठवला.
त्याच्या तोंडात शेवटपर्यंत एकतीस दात होते,
आणि बाग नव्हती.

मग मी काडेपेटी उघडली.
ती हसली नाही, हे मला आवडलं.
तिनं तळहातावर घेऊन भिंगातून पाहिलं.
"हे बियातलंच आहे, काका. फुगलेलं."
"म्हंजे किडा नाईच?"
"डोळ्याला दिसेल असा नाही."

दाढ तिनं वाचवली. पुढच्या दातांना
पांढरा लेप दिला,
त्याचा रंग जरा वेगळा आहे.
भाईकडं आता मोर्शीचा एक पोरगा जातो चाखायला.
मी त्याला पाण्याची बाटली दिली, गुळाचं बोललो.
त्यानं ऐकलं की नाही कोणास ठाऊक.
त्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या वाजत होत्या.

काडेपेटी देव्हाऱ्याच्या फळीवर आहे.
पंचफुला दोनदा फेकायला निघाली.
राहू दे म्हटलं.
एवढ्या वर्षांचा दोष कोणाच्या तरी नावावर होता,
पांढरा, बारीक,
पेटीत मावेल एवढा.